शेवटच्या आठवड्यातल्या खुणा

ओम आणि सई,

हे मी तुम्हा दोघांना पाठवते आहे, पण बोलणार आहे तुमच्या आबांशी. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, आणि मलाही अवघड नव्हतं. आयुष्यभर तेच शिकवलं. पण त्यांच्याशी मी इंग्रजीत कधी एक वाक्य बोलले नाही, आणि त्यांना समोर बसवल्याशिवाय हे तुम्हाला सांगण्याचा धीर मला होत नाही. अडेल तिथे आईला विचारा. मात्र आधी आईला एकटीला वाचू द्या.

आत्ताच का, तर ओम, तुझ्यासाठी. आबांना जाऊन महिना होत आला. तुझी आई इथून परत गेली त्याला दहा दिवस झाले. काल ती फोनवर म्हणाली की तू जिमला जाणं सोडलं आहेस, ताटावरून अर्धवट उठतोस आणि विचारलं तर एवढंच म्हणतोस, "व्यायाम मी पाठवला होता." तुझ्याजवळ आबांच्या वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो आहे. त्यात सोमवार, बुधवार आणि शुक्रवारचे सगळे खण आकड्यांनी आणि बरोबरच्या खुणांनी भरलेले आहेत, आणि शनिवारी आबा गेले. तो फोटो पाहून तुला जे वाटलं ते कोणालाही वाटलं असतं. पण ते पान खोटं आहे. ते कसं खोटं झालं, हे आता सुरुवातीपासून लिहिते. तुझी आई इथे होती तेव्हा घरात माणसं होती, आणि माझ्यात हिंमत नव्हती.

अहो, आता तुमच्याशी. तुम्ही असता तर एव्हाना म्हणाला असता, "झाली का मास्तरीणबाईंची प्रस्तावना?" झाली.

दिवाळीनंतर इथे जळगावात साखर तपासायला गेलो होतो, तिथून धरते. डॉक्टरांनी तुम्हाला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. तुम्ही दोनदा पुढे झुकलात आणि परत बसलात, आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या टेबलाची कड धरलीत. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून ज्यांनी उमर काढली, भुसावळ ते इगतपुरी उभ्याने, ते टेबलाची कड धरून उठले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, "पोट पुढे येतंय आणि मांड्या झिजताहेत. चरबी उतरली पाहिजे आणि स्नायू चढले पाहिजेत. नुसत्या चालण्याने दोन्ही होणार नाही." रिक्षात बसल्यावर तुम्ही म्हणालात, "बहात्तराव्या वर्षी हा मला पहिलवान करायला निघाला." पण घरी येईपर्यंत आपली मांडी चाचपत राहिलात, तेव्हाच मला कळलं की लागलंय.

ओमला ते त्याच्या आईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "आजी, आबांसाठी मी करून देतो. अगदी नवशिक्याचं, खुर्ची आणि भिंत एवढंच लागेल." तुम्ही माझ्या शेजारी बसून ऐकत होतात. बारा वर्षांचा असताना तो इथे आला होता, तेव्हा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून धापा टाकायचा, आणि तुम्ही त्याला लाडू म्हणायचात. त्याला ते आवडत नव्हतं हे तुम्हाला खूप उशिरा समजलं. नंतर त्याने स्वतःला कसं घडवलं ते आपण फोटोंतून पाहिलं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर तुम्ही तुमच्या भडगावकडच्या बोलीत म्हणालात, "लाडू माले कसरत शिकाडस आते." इतक्या अभिमानाने बोललेलं मी तुमच्या तोंडून फार ऐकलेलं नाही. ते मी ओमला कळवलं नव्हतं. आज कळवते.

त्याने आधी प्रश्न पाठवले. वय, वजन, पोटाचा घेर, साखर, रक्तदाब, गुडघे. सातवा प्रश्न होता, आबांना हृदयाचा त्रास कधी झाला आहे का, छातीत दुखलं आहे का. खाली लिहिलं होतं की असेल तर मी काही पाठवणार नाही, आधी डॉक्टरांशी बोलू.

आता पूनमचं सांगावं लागेल.

मुलांनो, तुमच्या आईला पूनम आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी आम्ही भुसावळला तिच्या लग्नाला गेलो होतो आणि तीन दिवस राहिलो, असं मी तिला सांगितलं होतं. आम्ही लग्नाला गेलो नव्हतो. तुमच्या आबांच्या जुन्या सोबत्याला भेटायला गेलो होतो, आणि रेल्वे कॉलनीतला त्याचा जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. तीन दिवस ते दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी वैशूचा, म्हणजे तुमच्या आईचा, फोन आला तेव्हा मी त्यांच्या खाटेजवळ बसले होते, आणि त्यांनी सलाईन लावलेल्या हातानेच मला खूण केली, सांगू नको. ती म्हणाली, "एवढा गलका कसला?" मी म्हणाले, "लग्नाला आलोय." "कोणाच्या?" "आबांच्या मित्राच्या मुलीच्या." "नाव काय तिचं?" समोर सिस्टर उभी होती. तिच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं. मी ते वाचलं.

परत येताना मी तुम्हाला म्हणाले होते, हे बरं केलं नाही. तुम्ही म्हणालात, "पोरेसले कसाले घोर लावस? इतक्या लांबून ती काय करणार आहेत? विमानाची तिकिटं बघत बसतील आणि रडतील." आणि मी ऐकलं. तुमच्यावर ढकलत नाही. आपल्याकडे सगळे हेच करतात. पलीकडच्या घरातल्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांच्या मुलाला चष्मा बदलला म्हणून सांगितलं होतं, आणि आपण दोघे त्यावर हसलो होतो. लांबच्या मुलांना चांगलंच तेवढं सांगायचं, हे मलाही तुमच्याइतकंच पटलेलं होतं.

मग पूनमला सांभाळावं लागलं. वैशू दर दोन-तीन महिन्यांनी विचारायची, "ती पूनम कशी आहे?" तुम्हाला त्यात मजा वाटायला लागली. तुम्ही तिला नाशिकला पाठवलंत, नवऱ्याला बँकेत लावलंत. एकदा वैशूशी बोलताना तुम्ही म्हणालात, "पूनमला मुलगा झाला, तिच्या सासूसारखा नाकेला आहे," आणि मला स्वयंपाकघरात जाऊन पदराने तोंड दाबावं लागलं. मागच्या उन्हाळ्यात वैशू पंधरा दिवस इथे होती. आल्यावर समोरासमोर सांगू, असं आपलं ठरलं होतं. रोज सकाळी मी तुमच्याकडे बघायचे आणि तुम्ही पेपर वर धरायचात. शेवटी ती पूनमच्या बाळासाठी झबलं देऊन गेली. ते कपाटात आहे.

भुसावळच्या डॉक्टरांनी तेव्हा स्वच्छ सांगितलं होतं की एक नळी अरुंद आहे, पुढची तपासणी करून घ्या. तुम्ही महिन्याने म्हणालात, मग आखाजीचा सण झाल्यावर म्हणालात, मग म्हणेनासे झालात. ते कागद जळगावच्या डॉक्टरांना आपण दाखवले नाहीत, कारण वैशू त्यांना परस्पर फोन करते. तिच्यापासून लपवायचं तर त्यांच्यापासूनही लपवणं आलं. भुसावळच्या गोळ्या तुम्ही आठ-नऊ महिने घेतल्यात, पानाच्या डब्यात ठेवून, आणि एक दिवस डबा रिकामा झाला तो पुन्हा भरला नाही. मला माहीत होतं. मी एकदा बोलले, तुम्ही ओरडलात, मी चार दिवस अबोला धरला आणि विषय तिथेच राहिला.

तर ओमचा सातवा प्रश्न. मी टेबलाशी बसले होते, तुम्ही शेंगा सोलत होतात. मी प्रश्न मोठ्याने वाचला. तुम्ही मान वर केलीत. लोकांना वाटेल की तुम्ही मला नको म्हणालात. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच मी 'नाही' लिहिलं होतं.

ओम, हे वाक्य परत वाच. तू विचारलं होतंस. तुला खोटं उत्तर मिळालं आणि ते माझ्या हातचं होतं.

त्याने जे पाठवलं ते फार नेटकं होतं. मी वर्गात एवढं नेटकं क्वचित पाहिलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार व्यायाम. मधल्या दिवशी फक्त चालणं, कारण त्याने लिहिलं होतं की स्नायू वाढतात ते विश्रांतीच्या दिवशी. पाच प्रकार. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं. भिंतीला हात लावून छाती जवळ नेणं आणि परत ढकलणं. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो ओढणं. जमिनीवरून वजन उचलून सरळ उभं राहणं. टाचा वर करणं. प्रत्येक प्रकार आठ वेळा, मग बसून श्वास घ्यायचा, मग पुन्हा आठ. दोन दिवस सगळं सहज जमलं की दोन वाढवायचे, त्याआधी नाही. खाण्याचं वेगळं पान होतं: भाकरी एक कमी, डाळ एक वाटी जास्त, जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, उपाशी राहायचं नाही. वजनकाटा रोज बघायचा नाही, दर रविवारी पोटाला फीत लावायची. आणि सगळ्यात वर, पहिली ओळ: छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात काहीही वाटलं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

मी नवी दोनशे पानी वही काढली. प्रत्येक पानावर पट्टीने उभे-आडवे खण आखले. पहिली ओळ लाल शाईने लिहिली, पहिल्याच पानावर, आणि खाली दोन रेघा मारल्या. मुलांच्या वहीत मी लाल शाई फक्त चुकीला वापरायची.

वजन म्हणून तुम्ही विटा आणायला निघालात. मी जुन्या उशीच्या अभ्र्याच्या दोन पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीत दोन-दोन किलो दादर भरली. आपल्या भडगावच्या शेतातली ज्वारी. तुम्ही पहिल्या दिवशी पिशवी उचलून म्हणालात, "हिच्या भाकरी केल्या असत्या तर वजन आपोआप वाढलं असतं." मी म्हणाले, "तेच तर उतरवायचंय." तुम्ही म्हणालात, "माणसाला असं खणात बसवू नको गं. मी काय तुझ्या सातवीतला आहे?" आणि पाचनंतर एकदम सात मोजलंत. मी म्हटलं, सहा राहिला. तुम्ही म्हणालात, "सहा मनातल्या मनात झाला." त्या दिवशी मी तो खण रिकामा ठेवला. तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत, पण बुधवारी सहा मोठ्याने मोजलात, गल्लीत ऐकू जाईल असा.

पहिले पंधरा दिवस तुम्ही खुर्चीवरून उठताना मांडीला हात लावत होता. मी बघायची आणि लिहायची, "हात लागला." तिसऱ्या आठवड्यात हात हवेत राहिले. सकाळी आठ ते साडेआठ. पुढच्या खोलीत खिडकीतून ऊन आत यायचं, तुम्ही भिंतीला ढकलत असायचात आणि मी मोडाची मटकी निवडत आकडे मोजायची. आपल्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. त्यातली अर्धी तुम्ही गाडीवर होतात आणि मी शाळेत. एक जण दार उघडायचा तेव्हा दुसरा चपला घालत असायचा. कोणी अडवायला नाही, जायला कुठे नाही, असा अर्धा तास आपल्याला आठवड्यातून तीनदा मिळाला तो त्या अकरा आठवड्यांत. तो ओमने दिला. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते.

संक्रांतीनंतर आपण भडगावला तुमच्या चुलतभावाकडे गेलो. खाली पंगत बसली. गेली चार वर्षं तुम्ही पंगतीत बसत नव्हता, उठता येणार नाही म्हणून. सांगायचात की गुडघ्याला डॉक्टरांनी मना केलंय. त्या दिवशी बसलात. कळण्याच्या भाकरी दोनच खाल्ल्यात, आणि हात धुवायला उठलात ते जमिनीला हात न लावता, एका दमात. चुलतभावाच्या घरच्या अक्का वाढत होत्या, त्या भांडं हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पोऱ्याना मायक उठनात तुम्ही." अगदी पोरासारखे. सगळे बघायला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बाकी कोणाच्या शाबासकीची तुम्हाला पर्वा नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आणि मी काय म्हणाले, तर "पाठ वाकली होती."

सत्तेचाळीस वर्षं मी हेच केलं. तुम्ही चहा केलात तर साखर सांगितली, पत्र लिहिलंत तर शुद्धलेखन. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी ताक आणायला आत गेले. हे तुम्हाला माहीत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी तुमचे गार्ड असतानाचे सोबती शेतावर भरिताला जमले. मी जाऊ नका म्हणाले नाही. अकरा आठवडे नीट खाल्लं होतं, एक दिवस मोकळा. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, वरून तेल, सोबत पुऱ्या. तुम्ही खूश होऊन आलात. पुढच्या रविवारी ओमने आखलेले बारा आठवडे पूर्ण होणार होते. त्या दिवशी सकाळी साडेनऊला ओम, सई, वैशू आणि जावई, सगळे फोनसमोर बसणार होते आणि तुम्ही त्यांना वीस वेळा खुर्चीवरून उठून दाखवणार होता. आठवडाभर आपण त्याचीच तयारी करत होतो.

सोमवारी भिंतीचा प्रकार चालू असताना तुम्ही चौथ्याला थांबलात. तळहात छातीवर ठेवलात. मी म्हणाले, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "काही नही. भरीत बाधनं." घास अडकल्यासारखं वाटतंय, म्हणालात. मी ओवा आणि काळं मीठ दिलं. तुम्ही ढेकर दिलीत, आणि आपण दोघांनी त्या ढेकरेवर विश्वास ठेवला. भरीत खाल्ल्यावर छातीत जळजळतं, हे इथल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. तेल पोटात गेलं की असं होतंच. आपल्यासमोर लाल शाईची ओळ होती आणि आपण भरिताला दोष देत होतो.

मंगळवारी तुम्ही चालायला गेला नाहीत. बुधवारी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावर नुसतेच बसून राहिलात. मी म्हणाले, "डॉक्टरकडे चला." तुम्ही म्हणालात, "गेलो तर तो भरती करून घेईल. रविवारी पोरं रिकामी खुर्ची बघतील."

"बघू द्यात. सांगू त्यांना."

"काय सांगशील? भुसावळपासून सगळं सांगावं लागेल. का पूनमचं लग्न परत लावायचं?"

मी हसले.

हे मला लिहायलाच हवं होतं. तुम्ही छातीवर हात ठेवून बसला होतात आणि मी हसले. तुम्हीही हसलात, आणि रविवारचं बोलणं झालं की सोमवारी जाऊ असं ठरलं. मग मी वही उघडली आणि म्हणाले, "पण इथे काय लिहू? ओम शुक्रवारी फोटो मागतो." तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "बठ्ठं व्हयनं आसं लिखी दे." सगळं झालं, असं लिहून टाक.

चौतीस वर्षांत मी एका मुलाला अर्धा गुण जास्त दिला नाही. मुख्याध्यापकांच्या पुतण्यालाही नाही. त्या भांडणात माझी बदली झाली, तुम्हाला आठवतं. तुम्ही सहावा न मोजल्याबद्दल मी खण रिकामा ठेवला होता. पण त्या बुधवारी मी पेन उघडलं आणि सोमवारचे पाच आणि बुधवारचे पाच, दहाही खण भरले. शुक्रवारीही तुम्ही खुर्चीवरून व्यायामासाठी एकदासुद्धा उठला नव्हता. दुपारी मी ते पाच भरले. आकडे बदलते ठेवले, म्हणजे खरे वाटतील. फोटो पाठवला. ओमचं उत्तर आलं, "एकही खण रिकामा नाही. आबा, कमाल." ते मी तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "पोऱ्या खूश शे ना? मग झालं."

ओम, म्हणून सांगते. सोमवारी चार वेळा भिंत ढकलली, त्यानंतर आबांनी तुझ्या व्यायामातलं काहीही केलं नाही. पाच दिवस ते खुर्चीवर आणि पलंगावर होते. त्या आठवड्यातल्या खुणा माझ्या आहेत.

शनिवारी सकाळी तुम्ही चहा घेतलात, अर्धा ठेवलात. उद्यासाठी वैशूने पाठवलेली निळी पँट घालून बघू, म्हणालात. मी ती इस्त्री करायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तुम्ही त्याच खुर्चीवर भिंतीला डोकं टेकून बसला होतात, आणि मी पँट दाखवत म्हणाले, "घ्या, गरम आहे." दोनदा म्हणाले.

तेराव्यानंतर, वैशू भुसावळला मावशीकडे गेली होती त्या दिवशी, मी एकटी जळगावच्या डॉक्टरांकडे गेले. भुसावळचे कागद नेले आणि वहीही. त्यांनी कागद वाचले, मग वही चाळली. मी विचारलं, "व्यायामाने झालं का?" ते म्हणाले, "हे कागद असते तर मी आधी तपासणी केली असती, आणि नंतर हाच व्यायाम दिला असता, यापेक्षा सावकाश. मुलाने जे लिहिलंय त्यात चूक नाही. सोमवारी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. वाचले असते असं मी नक्की सांगू शकत नाही." मग त्यांनी पहिल्या पानावरच्या लाल ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कोणी लिहिली?" मी म्हणाले, "नातवाने सांगितली, मी लिहिली." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. मुलांना सांगायचं की नाही, यावर तुम्ही कायम एकच म्हणालात, लांबून ती काय करणार. ओमने काय केलं असतं ते आता मला माहीत आहे. त्याने काही पाठवलंच नसतं, तुमच्या नाकावर टिच्चून डॉक्टरांना फोन लावला असता, आणि तुम्ही त्याला शिव्या दिल्या असत्या. उलट तुम्ही असंही म्हणाल की मग त्या अकरा आठवड्यांच्या सकाळी नसत्या आल्या आणि भडगावची पंगतही नसती झाली. तुम्ही असता तर त्यावर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं आणि शेवटचा शब्द माझा ठेवला असता.

तुमच्यावर मी रागावलेली आहे. स्वतःवर जास्त. हा राग कमी होईल असं मला वाटत नाही, आणि मुलांना मी तसं सांगणारही नाही. आणखी एक गोष्ट चांगली करून सांगायची नाही.

ओम, आता तुझ्याशी दोन वाक्यं. तू विचारायला हवं होतं ते सगळं विचारलंस, आणि सावध करायला हवं होतं ते पहिल्या ओळीत लिहिलंस. तुझ्या आबांना जमिनीवरून हात न टेकता उठता आलं ते तुझ्यामुळे. उद्या जिमला जा. मन लागणार नाही, तरी जा.

वैशू, पूनम नव्हती. झबलं मी परत पाठवणार नाही, ते इथेच राहू दे. आणि यापुढे मला काहीही झालं, अगदी दाढ दुखली तरी, त्याच दिवशी तुला कळेल.

काय उरलं आहे ते लिहून थांबते. खुर्ची भिंतीला लावलेली आहे. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला तसाच आहे. दादरीच्या दोन पिशव्या परवा उन्हात घातल्या; कीड लागलेली नाही. वहीतलं ते शेवटचं पान मी फाडलेलं नाही, पंधराही खणांवर लाल शाईने काट मारली आहे आणि खाली सही केली आहे. पुढची पानं कोरी होती. डॉक्टरांना माझी सगळी दुखणी सांगून, तपासण्या करून घेऊन, मी या सोमवारपासून सुरुवात केली. फक्त खुर्ची, आठ वेळा. आज बुधवार. पाच झाल्या आणि पाय थरथरायला लागले, म्हणून थांबले. वहीत पाच लिहिलं आहे.